आधी बाटली बाहेर

सोलापुरातल्या एका जुन्या पेठेतल्या वाचनालयाची ही गोष्ट. एकच मोठी खोली, भिंतींना कपाटं, मधे लांब टेबलं आणि खाली शहाबादी फरशी. सोलापूरहून रेल्वेने वाडीकडे जाताना शहाबाद लागतं. तिथला राखाडी चुनखडक या पट्ट्यातल्या घरांत, देवळांत, शाळांत वर्षानुवर्षं अंथरला गेला आहे. वाचनालयातली फरशी माणसांच्या पावलांनीच गुळगुळीत झाली होती. पण पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ चार-पाच फरश्या तडकल्या होत्या आणि दाराजवळ बारीक खड्डे पडून त्यांत धूळ बसत होती.

वाचनालयाचे कार्यवाह निवृत्त विज्ञानशिक्षक. सगळी पेठ त्यांना सर म्हणे. वर्धापनदिन तोंडावर आला तेव्हा त्यांनी एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने दिवसभरात सगळ्या भेगा नि खड्डे पांढऱ्या सिमेंटने लिंपून दिले. समारंभ झाला, फोटो निघाले. पावसाळा सरेपर्यंत भेगांतलं सिमेंट तुकड्यातुकड्यांनी सुटून केराबरोबर बाहेर गेलं, आणि दाराशी जुन्या खड्ड्यांच्या शेजारी नवे दिसू लागले.

मग एक म्हातारे मिस्त्री आले, भाच्याला घेऊन. भाच्याने पिशवी उघडली. "मामा, माल कालवू?"

"थांब."

मामांनी हातोडी उलटी धरली आणि तिच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी ठोकत ते गुडघ्यांवर पुढे सरकत राहिले. बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून पाहतात तसं. टेबलांखाली आवाज भरीव येत होता. नळाच्या बाजूला तो बद्द झाला, पोकळ.

"सर, नळ कधीपासून गळतोय?"

"झाली दोन-तीन वर्षं. खाली बादली ठेवतो ना आम्ही."

"बादलीत पडतं ते दिसतं. भिंतीतून झिरपतं ते कुठं जातं?"

ते फरशीखाली जात होतं. पाण्याबरोबर खालचा मुरूम आणि वाळू सरकत गेली होती, पोकळी झाली होती. दगडाला वाकता येत नाही. खालचा आधार गेला की पायाच्या भाराने तो तडकतो. अशा भेगेत वरून कितीही भरा, फरशी हलतच राहते आणि भरलेलं बाहेर टाकते.

दाराजवळ येऊन मामांनी विचारलं, "इथं पुसता कशानं?"

शिपाई उत्साहाने ऍसिडची बाटली घेऊन आला. दर शनिवारी दाराजवळची फरशी लख्ख करायची, हा त्याचा नेम होता. मामांनी पिशवीतून शहाबादीची एक कपची काढली आणि तिच्यावर दोन थेंब टाकले. कपचीवर फेस फसफसला.

सर खाली वाकून बघत राहिले. चुनखडीवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि खडक विरघळतो, हे त्यांनी आयुष्यभर वर्गात शिकवलं होतं.

"नावं मला माहीत नाहीत," मामा म्हणाले, "पण बाटली आत असेपर्यंत मी खड्डा भरणार नाही. आणि नळ नीट होईपर्यंत भेगेला हात लावणार नाही."

"आत्ता भरून तर द्या. बाकीचं आम्ही सावकाश बघू."

"दर वर्षी येऊन पैसे न्यायला मला काय जड आहे? पण माझ्या हातचं काम निघालेलं मला बघवत नाही."

भाचा हळूच म्हणाला, "मामा, हातचं काम जाईल." मामा उठून चालू लागले. शिपायाचं तोंड उतरलेलं पाहून तेवढ्यापुरते थांबले. "ह्याला बोलू नका. त्यानं जीव लावून घासलंय, दगड कसला आहे ते त्याला कुणी सांगितलं नाही."

शेवटी बाटली बाहेर गेली, नळाची भिंतीतली नळी बदलली गेली. जागा पूर्ण सुकू दिली, कारण ओल्या दगडाला भेगा भरायचं इपॉक्सी रेझिन धरत नाही. मगच मामा परत आले. आधी सांधे उकरून पातळ माल आत सोडला, तो पलीकडच्या सांध्यातून वर येईपर्यंत. तो घट्ट झाल्यावर पुन्हा ठोकून पाहिलं. भेगांतलं जुनं सिमेंट आणि मळ बारीक छन्नीने काढला. भाच्याने शहाबादीचा एक तुकडा कुटून वस्त्रगाळ केला. ती भुकटी इपॉक्सीत कालवून आधी फुटक्या फरशीवर लावून पाहिली. ओला माल गडद दिसतो, रंगाचा अंदाज वाळल्यावरच येतो. माल थोडाथोडाच कालवला, नाहीतर तो भांड्यातच धरतो. भेगा आणि खड्डे काठोकाठ भरून वर जरासा उंचवटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी घालत, खरखरीत दगडापासून बारीक दगडापर्यंत घासून तो सपाट केला. भेगा जवळून पाहिल्या तर दिसत होत्या. मामांनी त्या लपवायचा आटापिटा केला नाही, आणि मला तेच योग्य वाटतं: मजबुती आली असेल तर जुन्या दगडावरच्या दोन रेघा वाईट दिसत नाहीत.

पुढचा पावसाळा गेला, त्याच्या पुढचाही. भरलेलं जागचं हललं नाही.

तुमच्या घरी शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असेल तर त्यावर ऍसिड, लिंबू, व्हिनेगर यांतलं काही घालू नका. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरतो. आणि भेग भरायला कोणी आलं, तर त्याला आधी फरशी ठोकून बघायला सांगा.