उबदार पाण्याचा हिशेब

बीडसारख्या पर्जन्यछायेतील जिल्ह्यात घरच्या जलतरण तलावाला हीट पंप बसवावा काय? प्रश्न यंत्राचा दिसतो. आम्हांस तो सदसद्विवेकाचा वाटतो.

यंत्र काटकसरी आहे, हे मान्य केले पाहिजे. ते उष्णता निर्माण करीत नाही. हवेतील उष्णता ओढून पाण्याला देते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. ते एका अंशाने तापविण्यास सुमारे ५६ युनिट उष्णता लागते. चांगला पंप त्यासाठी ११ ते १४ युनिटच वीज घेतो.

परंतु विजेची काटकसर म्हणजे न्याय नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या एकेका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होते. एक तलाव म्हणजे जवळजवळ एक वाघीण! विहीर आमची, पैसा आमचा, असे कोणी म्हणेल. पण भूजल सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही. बीडजवळ सलाबत खानाने १५८२ च्या सुमारास बांधविलेल्या खजाना विहिरीचे पाणी भूमिगत नाल्यांतून, यंत्राविना, अनेकांच्या शेतांना मिळे. श्रीमंताचा पाण्यावरील खर्च असाही असू शकतो.

म्हणून पंपाची किंमत विचारण्याआधी गावात टँकर येतो काय, हे विचारावे. येत असेल, त्या वर्षी तलाव भरूच नये. पाऊस पुरेसा झाला असेल, तर आधी आच्छादन घ्यावे; बाष्पीभवन रोखून ते पाणी व उष्णता दोन्ही राखते. पंपाचा विचार त्यानंतर.