जालीम मजलूम होतो तेव्हा

माझी धाकटी नणंद मेलबर्नला असते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती महिनाभर माहेरी आली, तेव्हा रात्री जेवणखाण आवरून, मुले झोपली की आम्ही दोघी तिच्या लॅपटॉपवर एक मालिका पाहत बसायचो. मालिकेचे नाव ‘वेंटवर्थ’. बायकांच्या तुरुंगाची गोष्ट. “आमच्याच शहरातला तुरुंग आहे भाभी, पण खोटा,” असे तिने हसत सांगितले होते. मी पहिल्यांदा नाके मुरडली. दिवसभर शाळेत पन्नास-साठ पोरे सांभाळायची आणि रात्री पुन्हा तुरुंग कशाला पाहायचा? पण दुसऱ्या पर्वात जोन फर्ग्युसन नावाची बाई आली आणि माझी झोप गेली.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ऑस्ट्रेलियात १९७९ ते १९८६ या काळात ‘प्रिझनर’ नावाची मालिका चालली, तिचे ६९२ भाग झाले. त्यात १९८२ साली मॅगी कर्कपॅट्रिक या अभिनेत्रीने काळे चामडी हातमोजे घालणारी एक क्रूर तुरुंग अधिकारी उभी केली. तीच ही जोन फर्ग्युसन. कैदी तिला ‘फ्रीक’ म्हणत, म्हणजे विकृत, माणसांत न बसणारी. २०१३ मध्ये ‘वेंटवर्थ’ने ती जुनी गोष्ट नव्याने सांगायला घेतली आणि २०२१ मध्ये शंभर भागांवर संपवली. नव्या मालिकेत पामेला रेब या अभिनेत्रीने फर्ग्युसन साकारली. इथे ती तुरुंगाची प्रमुख आहे. तिथे त्या पदाला गव्हर्नर म्हणतात.

ही बाई ओरडत नाही. केस घट्ट मागे बांधलेले, गणवेशाला एक चुणी नाही, टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत. पहिल्या काही भागांत तर मला ती आवडलीच. ढिसाळ कारभारात कोणीतरी शिस्त आणते आहे असे वाटले. बी.एड.ला आम्हाला वर्गनियंत्रणावर जे शिकवले होते त्यातले बरेचसे तिच्यात दिसत होते, हे कबूल करायला आज संकोच वाटतो. मग हळूहळू कळत जाते की तिला तुरुंग सुधारायचा नाही. तिला माणसे ताब्यात हवी आहेत. आणि एकदा माणूस ताब्यात घ्यायचा ठरला की खून करतानाही तिचा हात कापत नाही.

तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. व्हेरा बेनेट ही तिची उपप्रमुख, बुजरी. घरी आजारी आई तिचा सतत पाणउतारा करते, तुरुंगात कैदी बायका तिची टिंगल करतात. फर्ग्युसन या व्हेराला जवळ घेते, ताठ उभे राहायला शिकवते, तिच्यावर भरवसा टाकते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी व्हेराला किंमत देते. आणि जेव्हा कैदी व्हेराला ओलीस धरतात, तिच्या मानेला सुई लावलेली असते, तेव्हा हीच फर्ग्युसन पथकाला आत घुसण्याचा हुकूम देते. सुई टोचते आणि व्हेराला हिपॅटायटिस सी होतो. जुल्माचे हे रूप मला चाबकापेक्षा भयंकर वाटले. मारणाऱ्याचा निदान तिरस्कार तरी करता येतो. जिने आपल्याला उभे केले तिनेच आपल्याला वाऱ्यावर सोडले, तर माणसाने तिरस्कार तरी कुठून सुरू करायचा?

(हे सगळे परदेशी मालिकेतच घडते अशी समजूत करून घेऊ नये. जून २०१७ मध्ये आपल्या मुंबईतच, भायखळ्याच्या महिला कारागृहात, अंडी आणि पाव हिशेबात कमी भरल्यावरून एका कैदी महिलेला मारहाण झाली व त्यात तिचा जीव गेला, असा आरोप झाला. अटक झालेल्या सहाही जणी तुरुंगातल्याच अधिकारी-कर्मचारी होत्या.)

मालिका फर्ग्युसनची जखमही दाखवते. पूर्वी ती दुसऱ्या तुरुंगात अधिकारी असताना जियाना नावाच्या तरुण कैदी मुलीवर तिचा जीव जडला होता. जियानाचे तान्हे मूल तिच्यापासून काढून घेतले गेले आणि नंतर ती फासाला लटकलेली सापडली. मूल काढून नेणारा समाजसेवा खात्यातला माणूस म्हणजे विल जॅक्सन. तोच पुढे वेंटवर्थमध्ये तुरुंग कर्मचारी आहे. फर्ग्युसनच्या सगळ्या कारस्थानांत त्याच्यावरचा हा सूड मुरलेला आहे. आजकाल प्रत्येक खलनायकाला असे एक दुःख जोडून द्यायची रीत पडली आहे, आणि प्रेक्षक लगेच विरघळतात. मला ते पटत नाही. दुःख तर व्हेरालाही होते. त्या तुरुंगात दुःख नसलेली बाई शोधून सापडणार नाही. जखमेमुळे माणूस कसा बिघडला ते समजते, पण त्याने केलेल्या खुनाचा हिशेब त्यातून वजा होत नाही.

तरीही माझा खरा प्रश्न हा नव्हता. तो उभा राहिला चौथ्या पर्वात, २०१६ च्या भागांत. फर्ग्युसनचे पद जाते आणि ती त्याच तुरुंगात कैदी होऊन येते. ज्या बायकांना तिने छळले, त्यांच्यातच तिला राहायचे आहे. जूस नावाची कैदी आणि तिची टोळी तिच्यावर लैंगिक अत्याचार करते. तो प्रसंग चालू असताना माझ्या मनात आले, ‘बरे झाले.’ मी एक बाई, दोन मुलींची आई, शिक्षिका, आणि दुसऱ्या बाईवर तसला अत्याचार होताना मला वाटले की बरे झाले. नणंद माझ्याकडे पाहत होती. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेले.

स्वयंपाकघरात उभी असताना जी गोष्ट आठवली ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने थोराड, दोनदा नापास झालेला, बाप सौदीला. लहान मुलांचे डबे हिसकावायचा, पैसे काढून घ्यायचा. एका अशक्त मुलाचा हात त्याने असा पिरगळला की महिनाभर त्या पोराला नीट लिहिता येईना. मी समज दिली, आईला बोलावले, काही फरक पडला नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत एक पोर धापा टाकत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आले. “मिस, टाकीच्या मागे सगळे मिळून त्याला मारतायत.” माझ्या हातात चहाचा कप होता. मी “आले हं” म्हटले आणि चहा संपवला. कप धुऊन जागेवर ठेवला. मग निघाले, व्हरांड्यातूनही नेहमीपेक्षा सावकाशच चालले. पोहोचले तेव्हा तो जमिनीवर पडला होता, ओठ फाटलेला, दोन्ही हात डोक्यावर. पंधरा-वीस पोरे भोवती, आणि त्यांत तो पिरगळलेल्या हाताचाही होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कधी विसरणार नाही, कारण तो माझाही होता.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी केली. मी त्या कायद्याची बाजू घेऊन शाळेत मोठ्यांशी वाद घातलेले आहेत. त्या दिवशी छडी मी हातात घेतली नाही एवढेच. वीस पोरांच्या हाती दिली.

म्हणून पुढच्या पर्वातला, २०१७ चा एक प्रसंग मला सगळ्या मालिकेत महत्त्वाचा वाटतो. कैदी बायका फर्ग्युसनला गाठतात, आपसातच तिचा निवाडा करतात आणि तिला फासावर चढवतात. तिला वाचवते व्हेरा. जिच्या रक्तात फर्ग्युसनमुळे आजार आला ती व्हेरा, आता तुरुंगाची प्रमुख. दोरीपुढे तीही क्षणभर घुटमळते. तिच्या मनात माया नाही की माफीही नाही, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट आहे. पण ती पुढे होते. मला वाटते, इथे दया हा शब्द वापरणे चूक आहे. दया माणसाला येते किंवा येत नाही, ती आपल्या हातात नसते. व्हेराने केले ते कर्तव्य, आणि कर्तव्याला मनाची परवानगी लागत नाही.

नणंदेला हे पटले नाही. ती म्हणाली, “भाभी, वाचवून काय मिळालं? नागिणीला दूध.” तिचे म्हणणे खोडून काढता येत नाही. त्याच पर्वात फर्ग्युसनने जूसची जीभ कापलेली आहे. वाचल्यावरही ती सुधारत नाही, तुरुंगातून पळण्याचा घाट घालते. एका खोक्यात लपून ती बाहेर पडते, आणि विल जॅक्सन ते खोके तिच्यासकट जमिनीत पुरतो. जिवंत. तिचे ओरडणे त्याला ऐकू येत असते. माझ्या नणंदेच्या मते एवढ्या सगळ्यांत शहाणा माणूस तोच.

पण विलकडे मालिका पुढे कशी पाहते तेही ध्यानात घ्यावे. तो सुटलेला माणूस दिसत नाही. आणि जूसकडेही पाहावे. तिने जे केले त्याने फर्ग्युसनचा एकही बळी परत आला नाही, फक्त आणखी एक क्रूर बाई तयार झाली आणि तिलाही तिचा हिशेब जीभ देऊन चुकवावा लागला. जालीमाला रोखणे, कोंडणे, त्याच्या हातातली सत्ता कायमची काढून घेणे, हे सगळे इन्साफात बसते. पण तो असहाय होऊन पडल्यावर त्याच्याशी आपण जे करतो त्याचा जाब त्याला विचारता येणार नाही. तो आपल्यालाच द्यावा लागेल.

“तू व्हेराच्या जागी असतीस तर?” नणंदेने जाण्याच्या आदल्या रात्री विचारले. मी बॅग भरायला लागले, तिची लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळली.

तो मुलगा दहावीनंतर शाळेतून गेला. आता स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मी जाताना दिसले की उठून उभा राहतो आणि सलाम करतो. त्या दिवशी मी उशिरा आले होते की वेळेवर, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. मी सलामाचे उत्तर देते आणि झपाझप पुढे जाते.