वादकाचे ज्ञान आणि विद्यापीठाची मोजपट्टी

वाजवणारा, रचणारा आणि अभ्यासणारा या संगीतातील तीन निरनिराळ्या व्यक्ती असतात, असे आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेने जवळजवळ गृहीत धरले आहे. वादकाने मैफल करावी, रचनाकाराने नाटक-चित्रपटांना चाली द्याव्यात आणि संगीतशास्त्रज्ञाने, म्हणजे संगीताची घडण, त्याचा इतिहास व समाजातील त्याचे स्थान यांचा पद्धतशीर विचार करणाऱ्याने, प्रबंध लिहावेत, अशी ही वाटणी आहे. एखादा गिटारवादक स्वतः रचना करतो, त्यांवर विचार करतो आणि तो विचार वर्गात शिकवतो, तेव्हा त्याच्या कामाचा कोणता भाग ज्ञान म्हणून धरावा आणि कोणता केवळ कौशल्य म्हणून सोडून द्यावा, हे या व्यवस्थेला ठरवता येत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा प्रश्न तपासून पाहण्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तेथील संगीत कोणत्याही एका भाषेच्या, एका घराण्याच्या किंवा एका विद्यापीठाच्या हद्दीत मावत नाही.

पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाणारा हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला खानापूर आणि हल्याळ, तर घाटाखाली कारवार, अशा सीमांच्या मध्ये पसरलेल्या या अरण्यप्रदेशात गोव्याकडून आलेल्या कुणब्यांची कोकणी, गवळी धनगरांची मराठी, सरकारी व्यवहारातील कन्नड आणि सिद्दी समाजाची या तिन्हींतून घडलेली घरगुती बोली शेजारीशेजारी ऐकू येतात. सिद्दी म्हणजे पूर्व आफ्रिकेतून मुख्यतः गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या लोकांचे वंशज. त्यांपैकी कित्येकांचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीज अंमलातून निसटून या रानांत आले, असे मानले जाते. शिमग्याची गाणी, धनगरांचे दसऱ्यातील नाच, वारकरी वळणाची भजने, ख्रिस्ती प्रार्थनागीते आणि सिद्दींचे दमाम हे कातडी वाद्य यांचा तेथील शेजार शतकांचा आहे. परंतु धारवाडच्या, गोव्याच्या किंवा कोल्हापूरच्या संगीत-अभ्यासक्रमात या शेजाराला मिळून एक प्रकरणही लाभलेले नाही.

याच तालुक्यात कॅसल रॉक हे रेल्वेस्थानक आहे. गोवा १९६१ मध्ये मुक्त होईपर्यंत मुरगावहून घाट चढून येणाऱ्या रेल्वेमार्गावरील ते सरहद्दीचे ठाणे होते, आणि मुंबईच्या वाद्यवृंदांत काम शोधण्यासाठी निघालेल्या गोमंतकीय वादकांसाठी समुद्रमार्गाखेरीज जो मोठा रस्ता होता, तो येथूनच जात होता. व्हायोलिन, ट्रंपेट आणि गिटार ही वाद्ये अशा रीतीने जोयड्याच्या जंगलातून वर्षानुवर्षे गेली, पण तेथे उतरली मात्र फारशी नाहीत. या प्रवासी परंपरेतील सर्वांत विचारी रचनाकार म्हणून माजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे नाव घ्यावे लागते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मिळणारे स्वरलिपीचे शिक्षण घेऊन ते मुंबईला आले, चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवू लागले, वाद्यवृंदाची मांडणी करू लागले, आणि १९५८ मध्ये त्यांनी रागाधारित रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून सादर करण्याचा प्रयोग केला. पुढे अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्यांच्या नावाचे अध्यासन आज गोवा विद्यापीठात आहे, ही समाधानाची गोष्ट खरीच. तथापि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात बसून त्यांनी जो विचार केला, तो विद्यापीठाने त्यांच्या उमेदीच्या काळातच आपला मानला असता तर एका पिढीचे शिक्षण वेगळे झाले असते, हेही तितकेच खरे आहे.

गिटारला तर पाश्चात्त्य जगातही विद्येच्या दारात बराच काळ थांबावे लागले. हे वाद्य दिवाणखान्याचे, रस्त्याचे आणि नाचाचे मानले जाई, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गिटारचा स्वतंत्र विभाग १९६० च्या सुमारास, जॉन विल्यम्स या तरुण वादकाच्या हाती सोपवून, सुरू झाला. परंतु वादकाने संशोधन करण्याची वाट त्यापूर्वीच एमिलिओ पुजोल (१८८६–१९८०) या कातालान गिटारवादकाने पाडली होती. तारेगा या थोर वादकाचे शिष्य असलेले पुजोल रचनाकारही होते, आणि सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये प्रचलित असलेल्या व्हिउएला या गिटारसदृश वाद्याचे, विस्मरणात गेलेले संगीत त्यांनी संपादित करून प्रसिद्ध केले. ते संगीत ज्या लिपीत छापलेले होते, ती स्वर सांगत नाही, तर बोट कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यावर ठेवायचे ते सांगते. म्हणून ते वाचण्यासाठी भाषापंडित पुरेसा नव्हता, तर तारेवर बोट ठेवून पाहणारा माणूस हवा होता. १९३६ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयातील जुने वाद्य व्हिउएला असल्याचे पुजोल यांनी ओळखले, तेव्हा त्यामागेही हाताला वाद्याची असलेली हीच ओळख होती.

वाद्य हे विचाराचेही साधन आहे, हे या उदाहरणावरून दिसते. गिटारच्या दांडीवर पडदे, म्हणजे स्वरस्थान ठरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, कायमचे रोवलेले असतात आणि ते सप्तकाचे बारा समान भाग करतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे ते सरकवता येतात, शिवाय तार बाजूला खेचून मींड घेता येते. गिटार हाती घेऊन जोयड्यातील एखादे कुणबी गीत वाजवू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्यातला एखादा स्वर दोन पडद्यांच्या मध्ये सापडला, तर तो गायिकेचा दोष मानायचा की वाद्याची मर्यादा, हा प्रश्न त्याच्यापुढे तत्क्षणी उभा राहतो. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, पडद्यांना बगल देऊन, तारेवर धातूचा तुकडा सरकवत रागसंगीत वाजवले, ते या प्रश्नाचे एक उत्तर होते. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे अमान्सिओ डिसिल्वा (१९३६–१९९६) यांनी जॅझ आणि भारतीय स्वरविचार यांचा मेळ घालत लंडनमध्ये दुसरे उत्तर शोधले. दोघांनीही प्रबंध लिहिला नाही. पण स्वरस्थानाविषयीचे विधान त्यांनी केले नाही, असे म्हणता येणार नाही.

मराठी जगात वादक, रचनाकार आणि अध्यापक या तिन्ही भूमिका एका आयुष्यात एकत्र आल्याचे सर्वांत ठळक उदाहरण भास्कर चंदावरकर (१९३६–२००९) यांचे आहे. त्यांचे आडनाव ज्या चंदावर गावाशी जोडलेले आहे, ते याच उत्तर कन्नड जिल्ह्याच्या किनारपट्टीत येते. ते रविशंकर यांचे शिष्य आणि सतारवादक होते. गिटारवादक नव्हते, परंतु तंतुवाद्याच्या शिस्तीतून रचनेकडे आणि रचनेतून शास्त्राकडे जाण्याचा त्यांचा प्रवास गिटारवादक-अभ्यासकाच्या कारकिर्दीचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी सुमारे पंधरा वर्षे संगीत शिकवले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांचे विद्यार्थी गायक किंवा वादक होणार नव्हते. ते दिग्दर्शक, संकलक आणि ध्वनिमुद्रक होणार होते. राग येत नसलेल्या, तबल्याचे बोल माहीत नसलेल्या बुद्धिमान तरुणाला संगीत समजावून सांगायचे, तर गुरूकडून आलेली परिभाषा तशीच पुढे सरकवून भागत नाही. शांतता, पोत, गती आणि ध्वनीचा दृश्याशी असलेला संबंध यांविषयी नव्याने बोलावे लागते. चंदावरकरांचे शास्त्र बहुतांशी या गरजेतून घडले असावे.

त्यांच्या रचनांतही हा अध्यापक दिसतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये त्यांनी कीर्तन, लावणी आणि भजन यांचे परिचित ढंग असे शेजारी आणले की भक्ती आणि सत्तेची क्रूरता एकाच लयीत चालताना प्रेक्षकाला ऐकू यावी. हे केवळ चाल लावणे नव्हे. लोकसंगीताचे प्रकार समाजात काय काम करतात, याविषयीचे ते सादर केलेले विवेचन होते, आणि त्या काळातील अनेक प्रबंधांपेक्षा ते अधिक खोल गेले, असे निःसंकोच म्हणता येते. ‘सामना’पासून ‘श्वास’पर्यंतचे मराठी चित्रपट, सिरसीत बालपण गेलेल्या गिरीश कर्नाडांसमवेत केलेले ‘वंशवृक्ष’ आणि ‘ओंदानोंदु कालदल्ली’ हे कन्नड चित्रपट, मृणाल सेन यांचा ‘खंडहर’ अशा निरनिराळ्या भाषांतील कामांतून ते भारतीय ध्वनिविश्वाचा तुलनात्मक अभ्यासच करीत होते. ‘वाद्यवेध’ या पुस्तकातील त्यांचे वाद्यविचार वाचताना असे जाणवते, की येथे वर्णन करणाऱ्याच्या बोटांना तारेचा ताण ठाऊक आहे.

चंदावरकरांच्या जोडीला अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांचे नाव येणे अपरिहार्य आहे. गजाननराव जोशी आणि बी. आर. देवधर यांच्यासारख्या गुरूंकडे गायन शिकलेल्या रानड्यांनी १९६८ पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालकपद सांभाळले, आणि पुढे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात बैठकीची लावणी, देवगाणी अशा विषयांवर असे कार्यक्रम रचले की संशोधनाचा निष्कर्ष रंगमंचावर ऐकूनच समजून घ्यावा. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा सहा कोटींत त्यांनी भारतीय संगीताची विभागणी केली; यांतील जनसंगीत म्हणजे माध्यमांतून पसरणारे लोकप्रिय संगीत, तर संगम म्हणजे दोन संस्कृतींच्या भेटीतून निपजलेले संगीत. या कोटी एकमेकींत पाझरतात, हे रानडे जाणत होते, आणि जोयड्यात तो पाझर स्पष्ट दिसतो: सिद्दींचे दमाम आदिम म्हणावे, नवरात्रात वाजते म्हणून भक्तीचे म्हणावे, की आफ्रिका आणि कोकण यांच्या भेटीचे संगम-संगीत म्हणावे? एका दालनात ते टाकले की उरलेल्या दोन बाजू हरवतात.

या ठिकाणी पुस्तकी अभ्यासाची मर्यादा घुमटासारख्या एका वाद्यावरून दाखवता येते. घुमट हे मातीचे, मडक्यासारखे, दोन्ही बाजूंना तोंडे असलेले वाद्य आहे. गोव्यातील मांडो या गीतनृत्यप्रकाराला ते साथ करते, आरत्यांत वाजते, आणि कारवार-अंकोल्याकडे हालक्की समाजात गुमटे या नावाने ओळखले जाते. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि त्यावर उजवा हात आघात करतो, एवढे वर्णन कोणत्याही कोशात मिळते. पण वाद्याचे खरे बोलणे डाव्या तळहातात असते: तो मागील लहान तोंड कमी-अधिक झाकतो, त्यामुळे आतल्या हवेचे कंपन बदलते आणि एकाच आघातातून चढता-उतरता घुमारा निघतो. घोरपडीच्या कातड्याच्या वापरावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आल्यानंतर बकऱ्याचे कातडे चढवले जाऊ लागले. त्यामुळे नाद बदलला का, बदलला असेल तर डाव्या हाताने ती उणीव कशी भरून काढली, याचे उत्तर जुन्या वादकाच्या शेजारी बसून वाजवायला शिकणाऱ्यालाच मिळेल. मँटल हूड या अमेरिकन अभ्यासकाने १९६० मध्ये मांडलेली द्विसांगीतिकतेची कल्पना, म्हणजे परक्या संगीताच्या अभ्यासकाने ते वाजवण्या-गाण्याइतके आत्मसात करावे हा आग्रह, येथे अक्षरशः लागू पडते.

विद्यापीठाची मोजपट्टी मात्र अजून छापील पानावर थांबलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाची योजना आणली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षे काम केलेल्या तज्ज्ञाला औपचारिक पदवीची अट न घालता, मंजूर पदांच्या १० टक्के मर्यादेत नेमता यावे, ही तिची तरतूद स्वागतार्ह आहे. तरीही पदवी नसलेल्या वादकाला वर्गात आणणे आणि त्याच्या वादनाला संशोधन म्हणून मान देणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. नवी रचना, तिच्यामागील विचार मांडणारे टिपण आणि ध्वनिमुद्रण यांना मिळून शोधनिबंधाइतके वजन मिळाले नाही, तर असा कलावंत विद्यापीठात पाहुणाच राहील आणि त्याच्या हाताखाली शिकलेला विद्यार्थी पदोन्नतीसाठी पुन्हा दुय्यम लेख लिहीत बसेल.

जोयड्याच्या बाबतीत हा उशीर परवडणारा नाही. काळी नदीवरील सुपा धरणाखाली जुने सुपा गाव आणि आसपासची वस्ती गेली. अनेक कुटुंबे रामनगरसारख्या ठिकाणी हलवली गेली. व्याघ्र प्रकल्पामुळे जंगलातील वाड्यांचे स्थलांतर चालू राहिले. शिमग्याचा मेळ कोणत्या घरापासून निघून कोणत्या देवळाशी थांबायचा, हे ज्या गावाच्या रचनेवर अवलंबून असते, ते गाव मोडले की गाण्यांचा क्रमही विस्कळीत होतो, आणि कोणते गीत कोणत्या टप्प्यावर म्हणायचे हे जाणणारी पिढी आता वृद्ध आहे. केवळ ध्वनिमुद्रण करून ठेवणाऱ्याला हा क्रम कळणार नाही. केवळ त्यावर नवी चाल बांधणाऱ्याला त्याची फिकीर असणार नाही. आणि केवळ लिहिणाऱ्याला तो वाजवून दाखवता येणार नाही. येथे या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी करू शकणारा माणूस हवा आहे, मग तो गिटार घेऊन येवो वा सतार.

धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांनी राज्यांच्या व भाषांच्या सीमा बाजूला ठेवून जोयडा-हल्याळ परिसरासाठी एक संयुक्त अध्ययनवृत्ती सुरू करावी, तिच्या अटींत वादन आणि रचना यांना लेखनाइतकेच स्थान द्यावे, आणि तेथील दमाम व घुमट वाजवणाऱ्या जाणकारांना माहिती देणारे म्हणून न बोलावता, वेतन देऊन, अध्यापक म्हणून नेमावे.