एकट्याची होडी

निवृत्त झाल्यावर माणसे बागकामाकडे वळतात, तीर्थयात्रेला जातात किंवा नातवंडांचा अभ्यास घेतात. मी मोटरबोट चालवतो, आणि तीही एकट्याने. माझी लहानशी यॉट घेऊन मुंबई बंदरातून मांडव्याच्या रोखाने जावे आणि दिवस कलण्यापूर्वी परत यावे, हा माझा छंद. “एकट्यानेच का जायचे असते हो तुम्हांला?” असे पत्नी विचारते. या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी हसून टाळत असे. अलीकडे त्यावर विचार करू लागलो आहे.

एकट्याने बोट हाकण्यात ताकदीपेक्षा पूर्वतयारीचे काम अधिक. बरोबर खलाशी असला तर धक्का जवळ येताच तो दोर घेऊन उडी मारतो. एकट्याला सुकाणू सोडून धावता येत नाही. म्हणून धक्का दूर असतानाच दोर मोकळे करून ठेवायचे, बोटीच्या कडेला रबरी फेंडर लटकवायचे, आणि वारा व पाण्याची ओढ यांपैकी जे जोरकस असेल त्याला सामोरे जात हळूहळू यायचे. पहिला दोर बांधायचा तो पुढचा नव्हे, मागचाही नव्हे, तर मधला. तो धक्क्यावरच्या मागल्या खुंटाला अडकवून इंजिन अगदी मंद पुढे चालू ठेवावे, सुकाणू धक्क्यापासून दूर वळवावे, की बोट आपोआप धक्क्याला चिकटून राहते. मग बाकीचे दोर सावकाश बांधावेत. साधले नाही तर फिरून पुन्हा यावे. त्यात लाज कसली? आणखी एक दोरी माझ्या कमरेला असते. तिचे दुसरे टोक इंजिनाच्या कळीला. मी पाण्यात पडलो तर इंजिन तत्काळ बंद पडते. ती दोरी नसेल तर आपली बोट आपल्याला सोडून निघून जाताना पाहण्याचा योग यायचा!

इतकी तयारी केल्यावर मनात येते, की जीव माझा, बोट माझी. मग इतरांनी हरकत का घ्यावी? परंतु समुद्राला हा युक्तिवाद मान्य नाही. बोटींची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतला पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक बोटीवर सदैव डोळ्यांनी आणि कानांनी पहारा चालू असला पाहिजे. महासागर एकट्याने ओलांडणाऱ्याला झोप घ्यावीच लागते, म्हणजे तो हा नियम रोज मोडतो. मी मात्र माझी सफर माझ्या जाग्या डोळ्यांच्या लांबीइतकीच ठेवतो.

पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांच्या शिडाच्या बोटीची डोलकाठी वादळात मोडली आणि पाठीला जबर दुखापत होऊन ते हलूही शकेनात. एकट्याच्या त्या शर्यतीतल्या माणसासाठी भारत आणि ऑस्ट्रेलियाची विमाने धावली, आणि २४ सप्टेंबरला एका फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलून घेतले. संकटातल्या माणसाला वाचवणे हा समुद्रावरचा कायदाच आहे. तो एकटा का गेला, हे तेथे कोणी विचारत नाही. तेव्हा एकटा निघालेला माणूस नकळत कित्येक अनोळखी माणसांना आपल्या सफरीत सामील करून घेत असतो. म्हणून त्याने जाऊच नये का? तसे मला वाटत नाही. टॉमी त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले, याचा मला आनंदच झाला. मात्र ज्यांना आपण हाक मारू, त्यांचे काम शक्य तितके हलके करून ठेवणे हे आपल्याकडे लागते. जाकीट अंगात, परतण्याची वेळ घरी सांगितलेली, आणि हवा बिघडली तर निमूटपणे रद्द केलेला बेत, इतके तरी हवेच.

मला खरा निरुत्तर केला तो मांडव्याच्या बाजूच्या एका कोळी तांडेलाने. त्या किनाऱ्यावर खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात. बोटीच्या पंख्यात जाळे आले तर एखाद्या घराची कमाई फाटते. मला एकटा पाहून तो म्हणाला, “सायेब, बरोबर कोनी नाय, मग जालं तुटलं तर आमाला सांगनार कोन?”

माझा जीव जाईल की राहील, याची त्याला चिंता नव्हती. साक्षीदार नसताना मी कसा वागेन, एवढेच त्याला हवे होते. १९६८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा इंग्रज निघाला. बोट टिकणार नाही हे उमगल्यावर तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवीत राहिला. कोण पाहत होते? पण जुलै १९६९ मध्ये त्याची बोट रिकामी तरंगताना सापडली, आणि तिच्यावरच्या नोंदींवरून सगळे उघड झाले. ती शर्यत पुरी करणारा एकच माणूस, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहेली’ आपल्या मुंबईत बांधलेली. त्याने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. एकटेपणाने त्या बिचाऱ्याला खोटे शिकवले असे मी म्हणणार नाही. सोबतीला कोणी असते, तर त्याला खरे बोलणे सोपे गेले असते, इतकेच.

चारचौघांत चूक वाटून घेता येते. दोर सुटला तर खलाशाकडे बोट दाखवता येते. एकट्याला ती सोय नाही. मला वाटते, या छंदाचे सुख तेथेच आहे, आणि त्याची किंमतही. तांडेलाला मी उत्तर दिले, “मीच सांगेन.” त्याने मान हलवली, विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. तो ठेवण्याजोगा राहणे हे काम मात्र माझे.

आता दिवाळीत घरोघरी आकाशकंदील लागतील. आपल्या अंगणात आपल्याला दिसावे म्हणून कोणी तो इतका उंच टांगत नाही. अंधार पडल्यावर बोटीवर लावायचे दिवेही तसेच: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि वर एक पांढरा. त्यांच्या उजेडात पुढचे पाणी मुळीच दिसत नाही. ते लावायचे असतात, ते आपण इतरांना दिसावे म्हणून.