दुकानाची पायरी कुणाच्या जबाबदारीची?

सोयाबीन विकून हातात पैसा आला की खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. बरीच दुकानं नालीच्या पलीकडे, उंच ओट्यावर. नालीवर टाकलेली फरशी, पुढे कमी-जास्त उंचीच्या दोन पायऱ्या, वर गुळगुळीत टाईल्स, आणि ऐन दारात शटरला कुलूप लावण्यासाठी जमिनीतून वर आलेली लोखंडी कडी. मालकाच्या पायाला ती कडी पाठ असते. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ती दिसत नाही. ती पडली की चार लोक उठवतात, कुणी पाणी देतं आणि एखादा हमखास म्हणतो, "पाहून चालायचं नं, आजी!" खुब्याचं हाड मोडलं असेल तर अकोला गाठायचं, ऑपरेशन करायचं, पुढे कित्येक महिने अंथरूण. खर्च सारा घरच्यांचा.

त्या खर्चाचा वाटा दुकानदाराने उचलायला हवा असं मला ठामपणे वाटतं. कायद्याचा कलही तिकडेच आहे, पण आपल्याकडे तो वाटा कुणी मागायला जात नाही.

1866 साली इंग्लंडमध्ये 'इंडरमॉर विरुद्ध डेम्स' हा खटला गाजला. गॅसच्या कामासाठी साखर कारखान्यात गेलेला कारागीर कठडा नसलेल्या उघड्या भोकातून खाली कोसळला होता. धंद्याच्या कामाने जो आत येतो, त्याला मालकाला ठाऊक असलेल्या किंवा ठाऊक असायला हव्या अशा धोक्यापासून जपणं मालकाचं कर्तव्य आहे, असं कोर्टाने ठरवलं. तिथे पुढे 1957 मध्ये यावर स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा नाही. दिवाणी कोर्ट निष्काळजीपणाच्या जुन्या तत्त्वावरच निवाडा करतं. पण त्या तत्त्वात जोर आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. बांधकाम सुमारे ऐंशी वर्षांचं होतं आणि त्यातल्या चुन्याचं आयुष्य जेमतेम चाळीस-पंचेचाळीस. दोष वरून दिसत नव्हता, ही सबब चालली नाही. शटरची कडी तर रोज डोळ्यांसमोर असते.

"पाहून चालायचं" या बोलण्यालाही कोर्टात किंमत आहे, पण मर्यादित. पडणाऱ्याचीही चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. मालक तेवढ्याने सुटत नाही.

खरी अडचण वाटेची आहे. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते आणि तारखांना अंत नसतो. ग्राहक आयोग सोपा: 2019 च्या कायद्याने सेवेतल्या त्रुटीत निष्काळजीपणाही धरला आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मेहकरचा माणूस अकोल्याच्या दुकानात पडला तरी तक्रार बुलढाण्यात करता येते. मात्र हा कायदा पैसे मोजणाऱ्याला ग्राहक मानतो. साडी घेऊन उतरताना पडलेल्या बाईच्या हातात बिल आहे; चढतानाच पडली तिच्या हातात काही नाही. पायरी तीच, हाड तेच. मला हा भेद अन्यायाचा वाटतो. दुकानदार "या, बसा, पाहून तर घ्या" म्हणतो, तिथूनच त्याची जबाबदारी सुरू व्हायला हवी.

दुकानदारही लहान आहेत, हे मी विसरत नाही. गाळा भाड्याचा, पायरी घरमालकाची, नाली नगरपरिषदेची. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर पहिला भार, हा कायद्याचा ढोबळ हिशेब. म्हणून पायरीची दुरुस्ती कुणी करायची हे भाडेकरारातच लिहून घ्यावं. दुकानाचा विमा काढताना आगीबरोबर तिऱ्हाइताच्या दुखापतीची जबाबदारी त्यात धरली आहे का, हेही विचारावं. शॉपकीपर पॉलिसीत तशी सोय असते.

आणि पडलेल्याच्या घरच्यांनी त्याच दिवशी जागेचा फोटो काढावा, बिल जपावं, डॉक्टरांच्या कागदावर नुसतं 'पडल्यामुळे' न लिहिता कुठे आणि कशाला अडखळून पडलं तेही लिहून घ्यावं. दुसऱ्या दिवशी कडी कापलेली असू शकते.