हळद कोणी लावायची?

तुळशीचं लग्न लागलं, की कार्यालयाच्या तारखा, गुरुजींची वेळ आणि जेवणाच्या ताटाचा दर यांवाचून लग्नघरात दुसरा विषय नसतो. नवऱ्यामुलीच्या हाती खरेदीची लांबलचक यादी येते. शालू, मामाकडची पिवळी, हिरवा चुडा, मुंडावळ्या, जोडवी. यादी हवीच. पण तिच्याही आधी मुलीने एका प्रश्नाचं उत्तर शोधावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या लग्नात कोणत्या विधीला कोण पुढे येणार आणि कोणाला मागे थांबावं लागणार?

हळदीचंच घ्या. जात्याला सुपारी-हळकुंड बांधून सुवासिनी हळद दळतात, मग आंब्याच्या पानाने पाय, गुडघे, खांदे आणि कपाळाला ती लावतात. अंगाला हळद लागली, की पोर सगळ्या घराची होते. ज्यांनी तिला वाढवलं त्यांचे हात एकदा तिच्या अंगावरून फिरावेत, हा त्यातला जिव्हाळा. त्यावर ‘पाच सुवासिनींनीच’ ही अट बसते आणि तो जिव्हाळा नेमका ज्या हातांचा, तेच हात कधीकधी बाहेर राहतात.

आमच्या नात्यातल्या एका लग्नात हे मी पाहिलं. मुलीचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. आईने शिवणाचं मशीन चालवून तिला इंजिनिअर केलं. आदल्या रात्री हळद त्या माउलीनेच कालवली, आंब्याची पानं एकेक निवडून ओल्या फडक्याने पुसून ठेवली. सकाळी पाटाभोवती बायका जमल्या तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. ‘येऊ नकोस’ असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. आपण कुठे थांबायचं, हे तिला सांगावं लागत नव्हतं. मुलीने दोनदा दाराकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहीपर्यंत काकूने हळदीची वाटी पुढे केली होती, फोटोवाला ‘इकडे बघा’ म्हणत होता.

त्या मुलीला दोष द्यायला माझं मन धजत नाही. पाटावर बसल्यावर, भोवती चाळीस माणसं असताना, कोणाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून हे काम महिनाभर आधी करायचं असतं. आधी आईशी बोला. बहुतेकदा पहिला नकार तिचाच येईल. ‘माझ्यामुळे तुझ्या संसाराला काही नको’ असं ती म्हणेल आणि ते तिला खरंच वाटत असेल. तिथे वाद घालू नका. ‘पहिलं बोट तुझं लागल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही’ एवढंच सांगा आणि त्यावर ठाम राहा. मग घरातली जी आत्या किंवा मोठी काकू सगळ्यांना गप्प करू शकते तिला आपल्या बाजूला घ्या. सासरच्या माणसांशी नवऱ्यामुलाने बोलावं. त्याची ही पहिली कसोटी समजायला हरकत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामस्थांनी मे 2022 मध्ये ठराव करून नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. अख्खं गाव जे करू शकलं ते एका घराला जड जाऊ नये.

कन्यादानाचंही तसंच. मुलगी ही दान देण्याची वस्तू नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो विधी गाळला तर लग्नाला बाध येत नाही. हिंदू विवाहासाठी कन्यादान अनिवार्य नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि ज्यांना तो ठेवायचा आहे त्यांनी वडील नसतील तर आईला तिथे एकटीला बसवावं. काका-काकूंचं जोडपं उसनं आणायची गरज नाही. यासाठी तयार असणारे पुरोहित मिळतात. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी तर स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवते आणि विधींचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावते. हे आजकालचं खूळ आहे, असं कोणी म्हणालं तर त्यांना 25 डिसेंबर 1873 ची आठवण करून द्यावी. त्या दिवशी पुण्यात सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह भटजीशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात लागला. जोतीराव आणि सावित्रीबाई त्यामागे खंबीर उभे होते.

आता सप्तपदी. आपल्याकडे अक्षता पडल्या, बँड वाजला, की लग्न लागलं असं समजून मंडळी पंगतीकडे वळतात. मागे होमापाशी उरतात नवरा-नवरी, गुरुजी, करवल्या आणि फोटोवाला. अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू यांसाठी सहा पावलं आणि सातवं पाऊल सख्यासाठी. तांदळाच्या सात राशींवरून चालताना नवरा-बायको एकमेकांचे सखे होतात. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या सातव्या कलमानुसार, जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवं पाऊल पडतं तेव्हाच विवाह पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये बजावलं, की विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलं तर तो हिंदू विवाह होत नाही. इतका मोलाचा विधी रिकाम्या खुर्च्यांसमोर का व्हावा? मंगलाष्टकं चारच म्हणा, सत्काराचे नारळ-टोप्या आवरत्या घ्या आणि सप्तपदी जेवणाआधी सगळ्यांसमोर करा. गुरुजींना आठवडाभर आधी भेटून प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगायची विनंती करा. जे वचन आपण देतोय ते आपल्याला कळलं पाहिजे, यात धर्माचा मानच आहे.

खर्चाचं बोलणं मुलींना अवघड जातं, तरी टाळू नका. वडील कर्ज काढताहेत का, भविष्यनिर्वाह निधीला हात घालताहेत का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करावा आणि हे साखरपुड्याआधी ठरवावं, मानपानाच्या साड्यांसकट. दागिने आणि भेटवस्तूंची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. हुंडाबंदी कायद्याखालच्या 1985 च्या नियमांतच ती सांगितली आहे, त्यामुळे हा अविश्वास नव्हे. सोन्याची बिलं स्वतःपाशी ठेवा, स्त्रीधन तुमचंच असतं. लग्नाची नोंदणी 90 दिवसांत उरका. आणि नाव बदलायचं की नाही, हे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची वेळ येण्याआधी ठरलेलं असू द्या. कायद्याची तशी सक्ती नाही.

कार्यालयात आणखीही माणसं असतात. वाढपी, ताटं उचलणाऱ्या बाया, पहाटे चारला आलेली पार्लरची मुलगी, बँडवाले. केटररशी बोलतानाच सांगून टाका, की यांची जेवणं पाहुण्यांच्या शेवटच्या पंगतीपर्यंत खोळंबणार नाहीत आणि त्यांना उरलंसुरलं वाढलं जाणार नाही. लहान पोरं कामाला आणायची नाहीत, हेही बजावा. अक्षता वाटताना प्रत्येकाच्या हातावर चिमूटभरच द्या. मूठमूठ तांदूळ पायदळी तुडवले जातात ते बघवत नाही. आणि नवरीने त्या दिवशी उपाशी राहू नये. गौरीहरापाशी बसण्याआधी पोटात काही गेलं, तर देवी रागावत नाही.

यातलं सगळं एका लग्नात जमणार नाही, घरोघरची माणसं वेगळी. पण पत्रिका सगळ्यांत आधी छापायला जाते, तेव्हा सुरुवात तिथूनच करता येईल. वडील हयात नसतील तर निमंत्रक म्हणून काकांचं नाव वर आणि आईचं नाव खाली, त्याआधी ‘गं. भा.’, असा मजकूर प्रेसवाला सवयीने जुळवून देतो. तो तसाच मंजूर करू नका. आईचं नाव सगळ्यांत वर घ्या, ‘गं. भा.’ काढून नुसतं ‘श्रीमती’ ठेवा, आणि प्रूफ हातात आलं की ते आधी आईला दाखवा.