हौस आणि हजेरी

आमच्या तालुक्याच्या गावात मार्गशीर्षातल्या एका शनिवारी रात्री जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो. तिकीट नाही. करणारे आम्ही सहा जण. एक रिटायर गुरुजी, एक औषध दुकानवाले, एसटीतनं निवृत्त झालेला कंडक्टर, बँकेतल्या एक मॅडम, एक टेलर, आणि सतरंज्या टाकायला मी. मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण नाद आहे, म्हणून सतरंज्यांवर टिकून आहे.

हा माणदेश. गदिमांचं शेटफळं इथलंच. त्यामुळं गीतरामायणातलं एक पद झाल्याशिवाय आमचा कार्यक्रम सुरू होत नाही. १९५५ साली पुण्याच्या रेडिओवरनं ते पहिल्यांदा लागलं तेव्हा आमचे गुरुजी रांगत होते, बाकी आम्ही जन्मायचे होतो. तरी लोकांसमोर आम्ही ते ‘आपल्या लहानपणीचं’ म्हणूनच सांगतो. आठवण ही मोकळ्या जनावरासारखी, दुसऱ्याच्या वावरातही चरून येते.

मग ‘पिंजरा’ची गाणी. ती मात्र खरोखर आमच्या लहानपणीची. पिक्चर आला १९७२ ला, म्हणजे थोरल्या दुष्काळात. मी अकरा वर्षांचा. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी तिच्याबरोबर, सुकडी मिळायची म्हणून. मुकादमाचा ट्रान्झिस्टर बाभळीला टांगलेला असायचा आणि त्यावर गाणी. मला त्या गाण्यांनी अजून गोड वाटतं. का, तर तेव्हा मी लहान होतो, हातात सुकडी होती आणि खडी आई फोडत होती. पुढं घरात टेप आला, मी हौसेनं तीच गाणी लावली, तर आई म्हणाली, “बंद कर बाबा ते. त्वांडात धुरळा येतो.” मी बंद केलं आणि ती देवळात गेली की लावायला लागलो. एकच गाणं, एकाच बाभळीखाली दोघांनी ऐकलेलं. त्यातली खरी आठवण कुणाची, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला साठी उलटावी लागली, आणि त्याला कारण झाले क्लॅरनेटवाले मामा.

मामा माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवली. डॉल्बी आला, तसे बँड एकेक करून बसले. आता ते एका डाळिंबाच्या बागेवर राखणीला असतात. वय चौऱ्याहत्तर. आम्ही आजवर मोबाईलवरच्या ट्रॅकवर गाणी म्हणत आलो होतो. गुरुजी म्हणाले, यंदा एक तरी खरं वाद्य पाहिजे. मी मामांचं नाव काढलं आणि साहजिकच मलाच पाठवलं.

गेलो. मामा खोपटापुढं बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, “किती देणार हाईसा?”

मी म्हणलं, “मामा, हितं कुणीच काय घेत न्हाई. सेवा म्हणून करतोय सगळी.”

“तुझी बाग हाय न्हवं?”

“हाय की. तीनशे झाडं.”

“मग फुकट वाटतोस का डाळिंबं?”

माझ्याकडं उत्तर तयार होतं. गेल्या साली कार्यक्रमाला दोन कॅरेट मीच दिली होती. ते मी जरा तोऱ्यातच सांगितलं. मामा हसले. म्हणाले, “दोन कॅरेट दिलीस, बाग न्हाई दिलीस. माझी बाग हीच हाय.” आणि खोपटातल्या पेटीकडं हात केला.

परत येताना वाटेत मी हिशोब मांडला. मंडपवाल्याला आम्ही पैसे देतो. स्पीकरवाल्याला देतो, वर त्याच्या पोराच्या जेवणाचं बघतो. जनरेटरचं डिझेल, चहावाला, सगळ्यांचे चोख. यातल्या कुणाला ‘सेवा’ हा शब्द आम्ही कधी ऐकवला नाही. ऐकवला असता तर त्यांनी सामान परत टेम्पोत भरलं असतं. फक्त ज्याच्या वाजवण्यासाठी हे सगळं उभं करायचं, त्याला फुकट ये म्हणायचं. का, तर वाजवण्यात त्याला आनंद मिळतो म्हणून. आनंद मिळतो हे खरंच आहे. पण बागेत फळ धरलं की मलाही आनंद होतो, म्हणून काय व्यापारी भाव पाडून मागतो तेव्हा मी देतो का? (देतो. पण शिव्या घालत देतो.)

मीटिंगला विषय काढला. मामांना तीन हजार द्यावेत, वर्गणीतनं. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. तर टेलर उठला. तो आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. गळा आमच्यात त्याचाच चांगला. तो म्हणाला, “मी चार दिवस दुकान लवकर बंद करून गाणी बसवतो. लग्नाची कापडं अंगावर पडलेली असतात. माझी हजेरी कोण देणार? मी पण हातावर पोट असलेलाच माणूस आहे.”

सगळे गप्प. कारण ते खरं होतं. औषध दुकानवाल्यांचं तसं नव्हतं, गुरुजींना पेन्शन आहे, माझी बाग आहे. आमचं फुकट म्हणजे स्वस्तातलं फुकट. टेलरचं फुकट महागाचं होतं आणि ते तो सात वर्षं न बोलता देत आला होता. आता त्याच्यासमोर दुसऱ्याला पैसे मोजायचे म्हणल्यावर त्याचं सात वर्षांचं देणं एका दिवसात येडेपणा ठरत होतं.

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “तू तुझ्या खिशातनं दे आणि विषय संपव.” सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण ते दान झालं असतं, आणि मामांनी दान मागितलं नव्हतं. त्यांनी दर विचारला होता. दुष्काळात आई मस्टरवर अंगठा उठवायची तेव्हा ताठ उभी असायची. सुकडीच्या रांगेत मात्र पदर पुढं ओढून घ्यायची. पोट दोन्हीनं भरत होतं. तरी फरक होता, आणि तो मी डोळ्यानं बघितलेला आहे.

मी टेलरला म्हणलं, तूही घे. तो भडकलाच. “मी घेतले तर मग गायचं कशाला? कापडंच शिवतो की!” मला वाटतं, त्याचंही बरोबर होतं. त्यानं आपण होऊन हौस धरली होती. मामांच्या गळ्यात ती आम्ही घालत होतो. मी हे बोलून दाखवलं, पण नीट मांडता आलं नाही. दहावीपर्यंतच शिकलेला माणूस, मुद्दा घरी गेल्यावर सुचतो. शेवटी हात वर झाले, चार विरुद्ध एक, गुरुजी तटस्थ.

मामा आले. धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. स्टेजवर खुर्ची ठेवली होती, तर बसेनात. म्हणाले, “चाळीस वर्सं चालत वाजवलंय. बसून फुक वेगळी लागती.” मग उभ्यानंच. पत्ती तोंडात धरून ओली केली आणि ‘पिंजरा’तलं धरलं. थंडीनं पहिला सूर चिरकला, पोरं हसली. दुसऱ्या ओळीला हसायची थांबली. टेलर त्या गाण्याला गायला होता. इतका चांगला तो कधी गायला नाही. मामा त्याच्या आवाजामागनं असे चालले होते, की वाटेतल्या खड्ड्यात नवरदेवाची घोडी अडखळू नये.

नंतर चहा घेताना मी विचारलं, मामा, हे वाजवताना जुने दिवस आठवत असतील. मामा म्हणाले, “आठवतात तर. लई वरातीत वाजवलं हे. दारापतूर वाजवायचं, मग वऱ्हाड आत जायचं. आम्ही भाईर. पंगत उठली की गोठ्याकडच्या बाजूला पत्रावळी मांडायचे आमच्या.” असं म्हणून त्यांनी कपातला चहा संपवला. आवाजात राग नव्हता. आमच्याही घरच्या लग्नात बँड होता. मीच वाढपी होतो, आणि गोठ्याकडं वाढायला कोण गेलं होतं ते मला आठवत नाही. गाणं कुठलं वाजलं ते मात्र पक्कं आठवतं.

पैसे गुरुजींनी पाकिटात घालून दिले. मामांनी पाकीट उघडून तिथंच मोजले. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, “असंच पाहिजे.” बाकीच्यांना ते जरा लागलं.

टेलर पुढच्या मीटिंगला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भेटला की बोलतो, पीकपाणी विचारतो, गाण्याचा विषय काढत नाही. मी मत दिलं त्याचा मला पस्तावा नाही, पण झोपताना आठवतं. त्या सात वर्षांबद्दल कधीतरी एकदा चारचौघांत बोलायला पाहिजे होतं. ते आम्ही बोललो नाही, कारण फुकट करणाऱ्याचे आभार मानायचे असतात हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

परवा शर्टाचं कापड घेऊन त्याच्याकडं गेलो. आमचा हिशोब पहिल्यापासनं सुगीला व्हायचा, तोही अंदाजानं. त्यानं माप घेतलं, वहीत लिहिलं, खडू कानावर ठेवला आणि म्हणाला,

“साडेतीनशे होतील. आधीच सांगतो.”

मी मोजून दिले.